सुलतान अल्लाहची सावली आहे काय?

'जिल्ले इलाही' हे शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम ऐकले ते चित्रपटात. 'मुगल-ए-आझम'पासून दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांपर्यंत दरबारी मंडळी कमरेत वाकून बादशाहाला याच नावाने संबोधतात आणि पाहणाऱ्यास तो जुन्या अदबीचा एक प्रकार वाटतो. या शब्दांचा सरळ अर्थ 'अल्लाहची सावली' असा आहे. अल्लाहसारखे दुसरे काहीच नाही, असे आपण सूरह शूरामध्ये वाचतो (४२ : ११). मग त्याची सावली आग्र्याच्या तख्तावर कशी बसते, असे घरातील एखाद्या चौकस मुलाने विचारले तर त्याला काय सांगावे? पुष्कळदा आपण 'तो एक किताब होता' असे म्हणून विषय सोडून देतो. परंतु असले किताब निरुपद्रवी नसतात. त्यांच्या आड एक दावा उभा असतो. माझ्या हाती सत्ता आहे ती अल्लाहने दिली, म्हणून मला जाब विचारणे म्हणजे अल्लाहच्या निर्णयाला जाब विचारणे होय, असा तो दावा. मुस्लिम दरबारांत तो कोठून आला, त्याने दिव्य कुरआनच्या कोणत्या आयतीचा आधार घेतला आणि तो आधार टिकतो काय, हे या पाठात पाहावयाचे आहे.

ज्यांच्यापुढे कोणी कापू नये

आरंभ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापासून करू या. एक मनुष्य त्यांच्याशी बोलण्यास आला आणि भीतीने त्याचे अंग कापू लागले. प्रेषितांनी (स.) त्याला धीर दिला आणि सांगितले की आपण कोणी राजा नाही, वाळवलेले मांस खाणाऱ्या एका स्त्रीचे पुत्र आहोत. ही हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. बकरी ईदनंतर दोरीवर मांस वाळत घालणाऱ्या आपल्या घरांना या उल्लेखातील साधेपणा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्यावर कुरआन अवतरले, ज्यांची आज्ञा पाळणे अल्लाहने अनिवार्य केले, ते आपली ओळख आईच्या चुलीवरून सांगत आहेत.

दुसरी हदीस अबू दाऊद यांनी नोंदविली आहे. आदरणीय कैस बिन साद (रजि.) इराकमधील हीरा या नगरात गेले होते. तेथील लोक आपल्या मर्झुबानापुढे, म्हणजे इराणी सुभेदारापुढे, सजदा करताना त्यांनी पाहिले. परत आल्यावर ते प्रेषितांना (स.) म्हणाले की अशा मानाचे खरे हक्कदार तर आपण आहात. प्रेषितांनी (स.) उलट विचारले की तुम्ही माझ्या कबरीजवळून गेलात तर तिला सजदा कराल काय? कैस (रजि.) नाही म्हणाले. तेव्हा जिवंतपणीही करू नका, असे त्यांना सांगण्यात आले. या उत्तराची मांडणी लक्षात घ्या. जो मरणार आहे त्याला सजदा नाही, एवढाच युक्तिवाद आहे आणि तो प्रत्येक राजाला लागू पडतो.

तिसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो मनुष्य स्वतःला 'मलिकुल अमलाक', म्हणजे राजांचा राजा, म्हणवितो त्याचे नाव अल्लाहजवळ सर्वाधिक घृणास्पद आहे, असा तिचा आशय आहे. या हदीसचे कथन करणारे सुफयान बिन उययना यांनी अर्थ उलगडताना सांगितले की, हे 'शाहानशाह' म्हणण्यासारखे आहे. अरबी हदीसच्या स्पष्टीकरणात हा फारसी शब्द सहज आलेला नाही. इराणच्या सासानी सम्राटांच्या नाण्यांवर एका बाजूस मुकुटधारी मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस अग्निवेदी असे. भोवती राजाला राजांचा राजा, दैवी आणि देवांच्या वंशातला म्हणणारा मजकूर असे. प्रेषितांच्या (स.) काळी अरबस्तानच्या शेजारी हीच राजसत्ता उभी होती आणि इस्लामने तिच्या याच दाव्याला प्रथम हात घातला.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर आदरणीय अबू बक्र (रजि.) यांची निवड झाली. कोणीतरी त्यांना 'खलीफतुल्लाह', म्हणजे अल्लाहचा प्रतिनिधी, असे संबोधले. त्यांनी ते तत्काळ दुरुस्त केले. आपण अल्लाहच्या प्रेषिताचे उत्तराधिकारी आहोत आणि तेवढ्यावरच संतुष्ट आहोत, असे ते म्हणाले. त्यांचे पहिले भाषण तर प्रसिद्धच आहे. मी तुमच्यातील सर्वोत्तम नाही, चांगले वागलो तर साहाय्य करा, वाकडा चाललो तर सरळ करा, आणि मी अल्लाह व त्याच्या प्रेषिताची आज्ञा पाळतो तोवरच माझी आज्ञा पाळा, हा त्याचा सारांश. यात ईश्वरी देणगीचा दावा कोठेच नाही. वाकडा चालण्याची शक्यता शासक स्वतःच मान्य करतो आणि सरळ करण्याचे काम लोकांवर सोपवितो.

एका आयतीचा दरबारी अर्थ

पुढे अर्ध्या शतकातच चित्र पालटले. हिजरी ६१ (इ.स. ६८०) मध्ये करबला घडले. इमाम हुसैन (रजि.) आणि त्यांचे सोबती शहीद झाले आणि मागे राहिलेल्या स्त्रिया-मुलांना कैद करून कूफा येथे उबैदुल्लाह बिन जियाद या सुभेदारापुढे उभे करण्यात आले. त्यांत इमाम हुसैन (रजि.) यांचे आजारी पुत्र अली, ज्यांना आपण जैनुल आबिदीन म्हणतो, हेही होते. तबरी यांच्या इतिहासातील वृत्तांत असा आहे. सुभेदाराने नाव विचारले. अली बिन हुसैन, असे उत्तर आले. अली बिन हुसैनला तर अल्लाहने ठार केले ना, असे त्याने विचारले. जैनुल आबिदीन यांनी सांगितले की, त्याच नावाचा माझा एक भाऊ होता, त्याला लोकांनी ठार केले. नाही, अल्लाहने केले, असा सुभेदाराचा आग्रह. तेव्हा जैनुल आबिदीन यांनी सूरह जुमरमधील ती आयत पठण केली, जिचा आशय असा की मृत्यूच्या वेळी प्राण अल्लाहच काढून घेतो (३९ : ४२). सुभेदार संतापला.

वाचकहो, येथे थोडे थांबा. हा दोन शब्दांचा वाद आहे. एक म्हणतो 'अल्लाहने', दुसरा म्हणतो 'लोकांनी'. प्राण अल्लाहच्या हाती आहे हे दोघांनाही मान्य आहे. तकदीरवर दोघांचाही ईमान असल्याचा दावा आहे. पण सुभेदाराला तकदीर हवी आहे ती तलवारीवरचे रक्त पुसण्यासाठी. मारणारे हात जर अल्लाहचेच ठरले तर सैनिक निर्दोष, सुभेदार निर्दोष आणि तख्तही निर्दोष. कैदेतील आजारी तरुण एवढेच करतो की क्रियापदाचा कर्ता बदलू देत नाही.

मग हा काफिला दमास्कसला यजीदच्या दरबारात नेण्यात आला. तबरी यांनी नोंदविलेल्या एका वृत्तांतानुसार यजीदने तेथे दरबाऱ्यांना सांगितले की, हुसैन यांना आपण अधिक पात्र आहोत असे वाटत होते, परंतु त्यांनी सूरह आले इमरानमधील ती आयत जणू वाचलीच नाही, जिच्यात अल्लाहला सत्तेचा स्वामी म्हटले आहे आणि तो हवी त्याला सत्ता देतो व हवी त्याच्याकडून ती काढून घेतो असे सांगितले आहे (३ : २६). प्रेषितांच्या (स.) मांडीवर वाढलेल्या नातवाला कुरआन समजले नाही, आणि समजले ते तख्तावर बसलेल्याला! सत्तेच्या समर्थनासाठी आयत वापरल्याची इस्लामी इतिहासातील ही एक आरंभीची आणि अतिशय वेदनादायक नोंद होय.

आयत तर खरी आहे. मग अर्थ कोठे बिघडला? पहिली गोष्ट म्हणजे ती 'म्हणा' या आज्ञेने सुरू होते. ती एक प्रार्थना आहे. ज्याच्या हाती काही नाही त्याने सर्व काही ज्याच्या हाती आहे त्याला मारलेली हाक आहे. दासाच्या ओठांवरील प्रार्थना राजाच्या हातातील सनद कशी होऊ शकेल? दुसरे असे की तीत देण्याबरोबर काढून घेण्याचाही उल्लेख आहे. सत्ता मिळणे हा जर मान्यतेचा पुरावा असेल तर सत्ता जाणे हा धिक्काराचा पुरावा मानावा लागेल. हिजरी १३२ (इ.स. ७५०) मध्ये याच उमय्या घराण्याचे तख्त अब्बासींनी उलथून टाकले. त्या दिवशी ही आयत कोणाच्या बाजूची झाली?

परंतु सर्वांत निर्णायक उत्तर कुरआननेच दिले आहे. सूरह बकरामध्ये आदरणीय इब्राहीम (अ.) यांच्याशी त्यांच्या पालनकर्त्याविषयी हुज्जत घालणाऱ्या एका राजाचा प्रसंग आहे (२ : २५८). भाष्यकार त्याचे नाव नमरूद असे देतात. तो जीवन आणि मृत्यू आपल्याच हाती असल्याची बढाई मारतो. या राजाविषयी ती आयत काय सांगते? की त्याने ही हुज्जत घातली, कारण अल्लाहने त्याला सत्ता दिली होती. म्हणजे नमरूदलाही अल्लाहनेच दिली होती! फिरऔनला वैभव व संपत्ती अल्लाहने दिली, हे तर आदरणीय मूसा (अ.) यांच्या प्रार्थनेतच आले आहे (१० : ८८). देणे एक आणि पसंत करणे दुसरे. जो हे दोन एकत्र करतो त्याला नमरूदही अल्लाहचा लाडका मानावा लागेल.

तर मग मिळालेली सत्ता म्हणजे काय? याचे उत्तर एका राजाच्याच तोंडून मिळते. आदरणीय सुलैमान (अ.) यांच्याइतके राज्य कोणास लाभले नाही. सबाच्या राणीचे सिंहासन क्षणात समोर आलेले पाहून ते म्हणतात की ही माझ्या पालनकर्त्याची कृपा आहे, मी कृतज्ञ होतो की कृतघ्न, हे पारखण्यासाठी (२७ : ४०). ते तिला परीक्षा म्हणतात. परीक्षेला बसलेला मनुष्य प्रश्नपत्रिका हातात धरून आपण उत्तीर्ण झाल्याचे सांगू लागला तर त्याला काय म्हणावे? त्यांचे वडील आदरणीय दाऊद (अ.) यांना पृथ्वीवर खलीफा नेमल्याचे सांगताच त्याच आयतीत लोकांमध्ये सत्याने न्याय करण्याची आज्ञा आणि मनोवासनेमागे न जाण्याचा इशारा दिला आहे (३८ : २६). आदरणीय इब्राहीम (अ.) यांनी आपल्या वंशजांसाठी नेतृत्व मागितले, तेव्हा अल्लाहचा हा करार अत्याचाऱ्यांना लागू होत नाही, असे त्यांना कळविण्यात आले (२ : १२४). पित्याकडून पुत्राकडे आपोआप जाणारी पवित्र सत्ता असती तर ती इब्राहीमच्या (अ.) घराण्याहून अधिक कोणाला शोभली असती?

नाणी, किताब आणि एक फत्वा

जो किताब अबू बक्र (रजि.) यांनी नाकारला तो उमय्या खलीफा अब्दुल मलिक यांच्या काही नाण्यांवर, हिजरी ७५ (इ.स. ६९४-९५) च्या सुमारास, कोरलेला आढळतो. एका नाण्यावर तलवार कमरेला लावून उभी असलेली खलीफाची आकृतीही आहे. त्याच अब्दुल मलिक यांनी दोनच वर्षांनी, हिजरी ७७ मध्ये, जे नवे सुवर्ण दीनार पाडले त्यांवर ना आकृती आहे, ना शासकाचे नाव. केवळ कलिमा आणि कुरआनचे शब्द आहेत. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही, हे यावरून दिसते.

दावा मात्र वाढत गेला. अब्बासी खलीफा अबू जाफर मन्सूर यांचे अरफातवरील एक भाषण इतिहासकारांनी दिले आहे. आपण पृथ्वीवर अल्लाहची सत्ता आहोत, त्याच्या संपत्तीचे रक्षक आहोत, अल्लाहने आपल्याला त्या संपत्तीवर कुलूप म्हणून ठेवले आहे आणि तो हवे तेव्हा ते उघडतो किंवा बंद करतो, असा त्याचा आशय आहे. म्हणून लोकांनी अल्लाहकडेच मागावे! खजिना कोणी अडविला, हे विचारण्याची वाटच या एका उपमेने बंद होते. अडविणारा अल्लाह, खलीफा नुसते कुलूप.

विद्वानांनी हे मुकाट्याने मान्य केले काय? सर्वांनी नाही. इमाम मावर्दी यांच्या 'अल-अहकामुस्सुल्तानिया' या ग्रंथात 'खलीफतुल्लाह' या संबोधनाची चर्चा आहे. बहुसंख्य विद्वानांनी ते नाकारल्याचे सांगून ते कारण देतात की प्रतिनिधी नेमला जातो तो अनुपस्थित असलेल्याचा किंवा मरण पावलेल्याचा, आणि अल्लाह ना अनुपस्थित आहे ना मरणाधीन. एवढ्या लहान वाक्यात इतकी मोठी इमारत कोसळलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

याच मावर्दी यांच्यावर पुढे कसोटीची वेळ आली. हिजरी ४२९ (इ.स. १०३८) मध्ये बगदादवर बुवैही घराण्यातील जलालुद्दौला याची हुकमत होती. त्याला 'शाहानशाह, मलिकुल मुलूक' हा किताब हवा होता आणि खलीफाने तो मंजूर केला. मशिदीत खुतब्यात तो उच्चारला गेला तेव्हा लोकांनी खुतबा देणाऱ्यांवर विटा फेकल्या. मग प्रश्न फकीहांकडे गेला. काहींनी अनुकूल मत दिले. राजांचा राजा म्हणजे पृथ्वीवरील राजांमध्ये मोठा एवढाच अर्थ घ्यावा, हेतू पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना दरबारी भाट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरेच मोठे फकीह होते आणि त्यांचा युक्तिवाद भाषेच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हता. मावर्दी यांनी मात्र प्रतिकूल फत्वा दिला. ते जलालुद्दौलाच्या निकटवर्तीयांपैकी होते, त्याच्याकडे त्यांचे नित्य जाणे-येणे होते. फत्वा दिल्यानंतर त्यांनी जाणे बंद केले आणि रमजानपासून ईदुल अजहापर्यंत ते घरीच भीतीत राहिले. शेवटी बोलावणे आले. जलालुद्दौला त्यांना म्हणाला की, तुम्ही कोणाची मर्जी राखणारे असता तर माझीच राखली असती. तुम्ही विरोध केला तो केवळ धर्मासाठी, म्हणून माझ्या लेखी तुमचे स्थान वाढले आहे. किताब त्याने सोडला नाही. पण त्या दिवशी मावर्दी सुखरूप घरी परतले.

सावलीत उभा राहणारा

आता 'सावली' या शब्दाकडे येऊ. सुलतान पृथ्वीवर अल्लाहची सावली आहे, अशा आशयाची काही कथने हदीस म्हणून सांगितली जातात. हदीसशास्त्राच्या जाणकारांनी त्यांतील अनेकांच्या सनदी दुर्बळ, तर काही बनावट ठरविल्या आहेत. ज्यांनी त्यांतील एखादे कथन स्वीकारले त्यांनीही सावलीचा अर्थ आश्रय असा केला. उन्हाने पोळलेला जसा सावलीत येतो तसा अत्याचारपीडित मनुष्य न्यायी शासकाकडे येतो. हा अर्थ घेतला तर तो किताब उरत नाही, काम ठरतो. ज्याच्या दारात पीडितालाच ऊन लागते त्याने सावली म्हणवून घेण्यात काय अर्थ?

याउलट जिच्या प्रामाण्याविषयी मतभेद नाही ती हदीस बुखारी व मुस्लिम या दोहोंत आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनाने आली आहे. ज्या दिवशी अल्लाहच्या सावलीखेरीज दुसरी सावली नसेल त्या दिवशी सात प्रकारचे लोक तिच्यात असतील. पहिला न्यायी शासक. मग अल्लाहच्या उपासनेत वाढलेला तरुण, ज्याचे मन मशिदीत गुंतलेले आहे तो, उजव्या हाताने दिलेले दान डाव्या हाताला कळू न देणारा, एकांतात अल्लाहचे स्मरण होऊन ज्याचे डोळे भरून येतात तो, आणि इतर. बंधू-भगिनींनो, दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. दरबाराच्या चित्रात शासक स्वतः सावली आहे. प्रेषितांच्या (स.) चित्रात तो उन्हात उभा आहे आणि सावली शोधतो आहे. ती मिळालीच तर न्यायामुळे मिळेल, आणि शेजारी कदाचित गुपचूप दान देणारा एखादा हमाल उभा असेल.

यावर कोणी म्हणेल, कुरआनमध्ये 'उलुल अम्र'ची, म्हणजे अधिकार असलेल्यांची, आज्ञा पाळण्याचा आदेश नाही काय? निश्चितच आहे (४ : ५९). परंतु त्या आयतीची रचना भाष्यकारांनी बारकाईने पाहिली आहे. 'आज्ञा पाळा' हे क्रियापद अल्लाहसाठी एकदा आणि प्रेषितासाठी पुन्हा एकदा येते. अधिकाऱ्यांसाठी ते स्वतंत्रपणे येत नाही. त्यांचे आज्ञापालन पहिल्या दोहोंच्या आत आहे. लगेच पुढे म्हटले आहे की, एखाद्या गोष्टीत तुमच्यात वाद झाला तर तो अल्लाह आणि प्रेषिताकडे न्यावा. वादाची शक्यता आयतीने गृहीत धरली आहे. सावलीशी कोण वाद घालतो?

प्रेषितांच्या (स.) हयातीतच याचा कस लागला. एका तुकडीचा सरदार आपल्या माणसांवर रागावला. प्रेषितांनी तुम्हाला माझी आज्ञा पाळण्यास सांगितले आहे ना, असे म्हणत त्याने लाकडे गोळा करविली, आग पेटविली आणि तिच्यात शिरण्याचा हुकूम दिला. काही जण तयारही झाले. दुसरे म्हणाले, आगीपासून पळूनच तर आपण प्रेषितांकडे आलो. एवढ्यात आग विझली आणि सरदाराचा रागही उतरला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते म्हणाले की, शिरले असते तर त्यातून कधीच बाहेर पडले नसते, आज्ञापालन केवळ सत्कार्यात असते. ही हदीसही बुखारी व मुस्लिममध्ये आहे. सरदार रीतसर नेमलेला होता आणि नेमणारे स्वतः प्रेषित (स.) होते, हे ध्यानात ठेवा. एवढी पवित्र नेमणूकही चुकीच्या हुकमाला पवित्र करू शकली नाही.

अत्याचारी शासक असला तरी संयम बाळगण्यास सांगणाऱ्या हदीसही आहेत आणि त्या लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यादवी, लूटमार आणि रक्तपात पाहिलेल्या विद्वानांनी त्यांचे महत्त्व ओळखले होते. म्हणूनच इमाम गजाली यांनी पात्रतेच्या अटी पूर्ण न करणाऱ्याचे शासनही मान्य करावे लागते असे म्हटले. पण दृष्टांत कोणता दिला? मृत जनावराच्या मांसाचा. ते हराम आहे, पण उपासमारीने मरणे त्याहून वाईट, म्हणून नाइलाजाने मुभा. नाइलाजाने खाल्लेल्या मुरदाराला कोणी पवित्र अन्न म्हणत नाही, आणि दस्तरखानावर सजवून पाहुण्यांपुढेही ठेवत नाही. सहन करणे निराळे आणि सावली म्हणून गौरविणे निराळे. आपल्या इतिहासातील पुष्कळ गोंधळ हे दोन एक मानण्यातून झाला आहे असे मला वाटते.

आता राजे उरले नाहीत म्हणून हा प्रश्न जुना झाला असे समजू नये. प्रेषितांनी (स.) प्रत्येकाला मेंढपाळ म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल असे बजावले आहे. त्या हदीसमध्ये शासकानंतर लगेच घरातील पुरुष आणि स्त्री येतात. मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब मागितला की 'ही खिदमत अल्लाहने माझ्याकडे सोपविली आहे' असे उत्तर देणारा मुतवल्ली, मुलीने लग्नाविषयी आपले मत सांगितले की आपला शब्द म्हणजे अल्लाहचा शब्द असल्यासारखा गरजणारा बाप, आपल्या निर्णयावर शंका घेणाऱ्याला गुनाहगार ठरविणारा संघटनेचा पदाधिकारी, हे सर्व नकळत मन्सूर यांच्या कुलुपाचीच भाषा बोलत असतात.

दिल्ली, आग्रा आणि खुलताबाद

आपल्या देशात या विचाराचा सर्वांत ठळक पुरस्कर्ता गियासुद्दीन बलबन होय. एकेकाळी अल्तमशने विकत घेतलेला हा गुलाम १२६६ साली दिल्लीच्या तख्तावर बसला. त्याने आपले कूळ इराणी आख्यानांतील अफरासियाबशी जोडले, दरबारात सजदा आणि पायबोस, म्हणजे पायांचे चुंबन, यांची चाल पाडली, आणि राज्यपद ही ईश्वराची नायबी आहे असे मुलांना शिकविले, असे इतिहासकार जियाउद्दीन बर्नी लिहितो. मर्झुबानापुढील जो सजदा कैस बिन साद (रजि.) यांना परत नेऊ दिला नव्हता, तो सहा शतकांनंतर दिल्लीत मुस्लिम सुलतानापुढे घातला जाऊ लागला.

बर्नी हा स्वतः राजसत्तेचा कट्टर समर्थक आणि जन्माने हलक्या मानल्या गेलेल्यांचा द्वेष्टा. त्याची मते आपल्याला पटण्यासारखी नाहीत. तरी 'फतावा-ए-जहाँदारी' या ग्रंथात तो एका ठिकाणी आश्चर्य वाटावे इतका प्रांजळ आहे. प्रेषितांची (स.) जीवनपद्धती आणि इराणच्या बादशाहांचे रिवाज यांत पूर्ण विरोध आहे, हे तो कबूल करतो. तरीही त्या रिवाजांवाचून राज्य चालत नाही, म्हणून ते नाइलाजाने खाल्लेल्या मुरदारासारखे समजावेत, असे तो म्हणतो. दृष्टांत पुन्हा तोच आला. तख्ताच्या थाटामाटाचे धर्माशी नाते नाही, याची साक्ष थाटामाटाचा वकीलच देतो आहे.

अबुल फजलला असली लाज वाटली नाही. 'आईन-ए-अकबरी'त त्याने बादशाही हा ईश्वराकडून मध्यस्थाविना येणारा प्रकाश असल्याचे सांगितले. जहाँगीर आणि शाहजहान यांच्या चित्रांत मस्तकामागे तेजोवलय दिसते, ते याच कल्पनेचे रंगरूप. शाहजहानने १६२८ मध्ये तख्तावर येताच सजदा बंद केला, हेही नोंदविले पाहिजे. हा रोग काही एका जमातीचा नव्हता. अकबराच्या निधनानंतर पाचच वर्षांनी, १६१० मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आपल्या संसदेला सांगत होता की राजे ईश्वराच्या सिंहासनावर बसतात. १६४९ मध्ये त्याच्याच पुत्राचा शिरच्छेद लंडनमध्ये झाला.

दख्खनमधील एका प्रसंगाने हा पाठ पुरा करू. बहमनी सुलतान पहिला मुहम्मद शाह (१३५८ ते १३७५) याने राज्यातील शेखांकडून बैअत घेतली. बहुतेकांनी दिली. दौलताबादजवळ, ज्याला आज आपण खुलताबाद म्हणतो तेथे, शेख बुरहानुद्दीन गरीब यांचे उत्तराधिकारी शेख जैनुद्दीन शिराजी राहत असत. त्यांनी नकार दिला. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले होते: सुलतान दारू पितो आणि निषिद्ध गोष्टी उघडपणे करतो. पुढे दौलताबादचे बंड मोडून सुलतान तेथे आला, तेव्हा त्याने हजर होण्याचा किंवा लेखी बैअत देण्याचा हुकूम पाठविला. शेखांनी तोही मानला नाही. मग शहर सोडून जाण्याची आज्ञा झाली. विजापुरात बसून सुमारे अडीचशे वर्षांनी इतिहास लिहिणारा फरिश्ता सांगतो की शेखांनी खांद्यावर मुसल्ला घेतला, आपल्या पीरांच्या कबरीजवळ गेले, काठी जमिनीत रोवली, मुसल्ला अंथरला आणि मला येथून उठवणारा कोण आहे ते पाहू, असे म्हणून बसून राहिले.

सुलतान वरमला आणि त्याने मैत्रीचा निरोप धाडला. शेखांचे उत्तर सशर्त होते. सुलतान मुहम्मद शाह गाझी शरीअतचे रक्षण करील, राज्यातील दारूची दुकाने बंद करील, आपल्या पित्याच्या रीतीने वागेल आणि लोकांसमोर मद्य पिणार नाही, तर जैनुद्दीनसारखा त्याचा दुसरा मित्र नसेल. 'गाझी' या शब्दाने सुलतान फार खूश झाला आणि तो आपल्या किताबांत जोडण्याचा त्याने हुकूम दिला. राजांना किताब किती प्रिय असतात ते पाहा! पण त्याबरोबरच दारूची दुकाने बंद करण्याचा हुकूमही निघाला, आणि वाटसरूंना लुटणाऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्याचे कामही त्याने हाती घेतले.